बर्निसबाई आणि हरणारे बगळे

हार्लन फॉल्समध्ये बर्निस कुबियाक यांच्याकडे गाडी शिकला नाही असा माणूस शोधून काढायला लागेल. बँकेतली बाई, पाद्री, दाताचा डॉक्टर, फायर ब्रिगेडचा मुख्य, सगळे त्यांच्या त्या छोट्या निळ्या गाडीत बसून शिकले. कुणालाही विचारा, बाईंनी कधी आवाज चढवला नाही. कुणी कचऱ्याचे डबे उडवले, कुणी मेपलच्या झाडाला बंपर टेकवला, एकानं तर चर्चच्या पायरीवर पुढची दोन चाकं चढवली. बाई आपल्या बाजूचा ब्रेक दाबायच्या आणि म्हणायच्या, "असू दे. होतं असं. आता आरशात बघ आणि सावकाश मागे घे. छान."

त्याच बाई संध्याकाळी बेसबॉलच्या मैदानावर तिसऱ्या बेसच्या मागच्या स्टँडमध्ये बसल्या, की त्यांचा आवाज नदीपलीकडच्या लाकडाच्या वखारीपर्यंत जायचा.

गावच्या संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. टोप्यांवर एका पायावर उभा असलेला बगळा. बर्निसबाईंचं म्हणणं असं की नाव ठेवणाऱ्याला भविष्य दिसत असलं पाहिजे, कारण आमची पोरं मैदानात तशीच उभी राहतात आणि चेंडू समोरून वाहत जातो. बाई लहान असताना वडिलांच्या खांद्यावर बसून पहिली मॅच बघायला आल्या, ती बगळे हरले. लग्नाच्या आदल्या दिवशीची हरले. नवरा रे फर्निचरच्या कारखान्यातून निवृत्त झाला, त्या संध्याकाळी बाई त्याला कौतुकानं मॅचला घेऊन गेल्या, तीही हरले. मधे एकदोन मोसम बरे गेले, पण त्यांची आठवण काढली की बाईंना जास्तच राग यायचा.

रागाचं कारण नुसतं हरणं नव्हतं. बगळ्यांचा संघ तसा स्वतःचा नव्हताच. मोठ्या शहरातल्या बड्या संघानं आपली होतकरू पोरं तयार व्हायला इथं आणून ठेवायची, आणि एखादा जरा खेळायला लागला की लगेच वरच्या संघात उचलून न्यायचा, ही पद्धत. "आपण म्हणजे भट्टी," बाई रेला सांगायच्या. "कच्चं आणून टाकायचं, भाजलं की काढून न्यायचं. आपल्या ताटात काय? कच्चं नाहीतर करपलेलं."

रे सूर्यफुलाच्या बिया सोलत म्हणायचा, "हं."

त्या वर्षी एप्रिलमध्ये बगळ्यांचं करपणं कळसाला पोचलं होतं. त्यातही सात नंबरचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहून चेंडू अडवणारा, बाईंच्या डोक्यात गेला होता. येफ्री पेगेरो नावाचा, डॉमिनिकन रिपब्लिकहून आलेला एकवीस वर्षांचा उंच, काटकुळा पोरगा. पेपरात त्याच्याबद्दल लिहून आलं होतं की हा फार मोठा होणार. मैदानात चेंडू अडवायचा तो मांजरासारखा, त्यात वाद नाही. पण बॅट हातात घेतली की संपलं. खाली वळत बाहेर जाणारा चेंडू दिसला की हा जीव तोडून बॅट फिरवायचा, बॅट हवेत आणि चेंडू मागे बसलेल्या कॅचरच्या हातात. तीनदा असं झालं की मान खाली घालून परत.

"अरे ए सात नंबर!" बाई उठून उभ्या राहायच्या. "पंखा बंद कर! आधीच थंडी वाजतेय इथं!"

सगळा स्टँड हसायचा. बाईंना अजून चेव यायचा. "तो चेंडू शेजारच्या गावाला चालला होता रे! त्याला जाऊ दे ना! डोळे विमानात विसरून आलास का?"

मे महिना लागला आणि एक दिवस क्लबच्या ऑफिसातून फोन आला. तळ्यापलीकडे भाड्याच्या घरात तीन खेळाडू राहतात, त्यांच्यात एकालाच गाडी चालवता येत होती, त्याला परवा दुसऱ्या संघात धाडलं. आता गाडी दारात आणि बाकीचे हायवेच्या कडेनं चालत सरावाला येतात. एकाला तरी शिकवाल का?

"शिकवते की," बाई म्हणाल्या. "कोण आहे?"

"येफ्री. गुणी पोरगा आहे."

फोन ठेवून बाई रेकडे बघत राहिल्या. रे म्हणाला, "आता?"

"आता काय? शिकवायचं. त्याला काय माहीत ओरडतं कोण? मी तिथं टोपी घालते, मफलर असतो, त्याच्या डोळ्यावर दिवे असतात. शिवाय तो कधी वर बघतच नाही. खाली मान घालूनच जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा फाटकाशी उभा होता, केसांवरून पाण्याचा हात फिरवलेला, शर्टाला इस्त्री केलेली. दार उघडून आधी बाईंना बसवलं, मग स्वतः बसला. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण अडायचा नाही.

"गुड मॉर्निंग, बाई. मी मोटरसायकल चालवतो घरी. गाडी नाही. मोटरसायकलवर आई, मी आणि बकरी. तिघं."

"बकरी कुठं बसते?"

"मधे."

बर्निसबाईंना हसू आलं. त्या बकरीनं सगळा घोटाळा केला. त्यांनी ठरवलं होतं की कोरडेपणानं शिकवायचं आणि मोकळं व्हायचं. पण पोरगा शिकायला झकास. एकदा सांगितलं की लक्षात ठेवायचा, वळण घेताना जीभ दातात धरायचा, आणि चौकात थांबला की रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येकाला हात करायचा. पुढच्या आठवड्यात बाईंनी डब्यात बटाट्याच्या पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, नेल्या. त्यानं त्या गाडीच्या बॉनेटवर ठेवून उभ्याउभ्या संपवल्या, आणि दुसऱ्या दिवशी तळून चेपलेली हिरवी केळी घेऊन आला.

एक दिवस तळ्याकाठी उलटी गाडी घ्यायचा सराव चालला होता. मधेच तो म्हणाला, "बाई, एक विचारू? इंग्रजीचं."

"विचार ना."

"मैदानात एक बाई आहे. फार मोठ्यानं बोलते. ती मला म्हणते, 'पंखा बंद कर, थंडी वाजते.' मी बघितलं. मैदानात पंखा नाही. मला वाटलं म्हातारी असेल, आजारी असेल. हे काय आहे?"

बर्निसबाईंनी काचेतून बाहेर बघितलं. तळ्यावर खरंच एक बगळा उभा होता, त्यानंही मान फिरवली.

"ते... ते म्हणजे," बाई म्हणाल्या, "आमच्याकडची म्हणायची पद्धत आहे. म्हणजे, तू बॅट इतकी जोरात फिरवतोस की वारा सुटतो. ताकद आहे, असं."

"कौतुक?"

"एक प्रकारचं."

पोराचा चेहरा उजळला. "आणि 'डोळे विमानात विसरलास'?"

"आरशात बघ," बाई म्हणाल्या. "मागून ट्रक येतोय."

ट्रकबिक काही नव्हता.

त्या संध्याकाळी बाई तोंड मिटून बसल्या. मफलर नाकापर्यंत ओढला. सातव्या डावापर्यंत निभलं. मग तिसऱ्या बेसवर आपला माणूस, गुण हातातोंडाशी आलेला, आणि येफ्रीनं पुन्हा त्याच खाली वळणाऱ्या चेंडूवर बॅट घुमवली. बाई उठल्या कधी आणि तोंड उघडलं कधी, त्यांचं त्यांना कळलं नाही.

"पंखा बंद कर रे मेल्या!"

येफ्री थांबला. आवाजाच्या दिशेनं वळला, छातीवर हात ठेवला आणि टोपीला हात लावून छान वाकून नमस्कार केला.

स्टँड हसून लोटपोट झाला. बर्निसबाई धपकन खाली बसल्या. रे बिया सोलायचा थांबला आणि म्हणाला, "बर्निस, त्याला खरं सांग."

"सांगेन."

"कधी?"

"सांगेन म्हटलं ना!"

सांगायची वेळ त्यांच्या हातात राहिली नाही. त्यानंतरच्या सोमवारी पाऊस पडून गेला होता, जंगलातल्या रस्त्यावर धुकं होतं. येफ्री झकास चालवत होता, आईच्या हातच्या बकरीच्या मटणाचं वर्णन करत होता, त्यात ओरेगॅनोचा पाला खाऊन वाढलेली बकरी कशी वेगळी लागते ते सांगत होता. तेवढ्यात डावीकडच्या झाडीतून एक हरीण थेट रस्त्यात उडी मारून आलं.

"ब्रेक! ए! ब्रेक!"

इतक्या वर्षांत त्या निळ्या गाडीत असा आवाज झाला नव्हता. येफ्रीचा पाय आणि बाईंचा पाय एकदमच पडले. गाडी घसरत जाऊन हरणाच्या नाकापाशी थांबली. हरणानं दोघांकडे बघितलं, कान हलवले आणि निवांत पलीकडे निघून गेलं.

येफ्रीनं हात चाकावरून काढले नाहीत. फक्त मान सावकाश वळवली.

"पंखा," तो म्हणाला.

बाई काचेवरचं धुकं पुसायला लागल्या.

"पंखा बंद कर. तुम्ही. तुम्हीच!"

"इशारा दे आणि गाडी कडेला घे," बर्निसबाई म्हणाल्या. आवाज पुन्हा खाली आला होता.

गाडी कडेला लागली. मग बाईंनी सगळं सांगितलं. पंख्याचा खरा अर्थ, विमानातल्या डोळ्यांचा, शेजारच्या गावाला निघालेल्या चेंडूचा. एकेक सांगताना त्यांचे कान लाल होत होते. येफ्री ऐकत होता. शेवटी त्यानं विचारलं, "मी इतका वाईट खेळतो?"

बाईंनी खोटं बोलून एकदा काय झालं ते बघितलं होतं. "बॅटिंग? हो," त्या म्हणाल्या. "फारच वाईट."

"हं." त्यानं मान डोलावली. "मग बरोबर आहे." आणि त्याला हसू फुटलं. आधी बारीक, मग असं की त्यानं कपाळ चाकावर टेकवलं आणि हॉर्न वाजला. "बाई! मी नमस्कार केला! मी 'पंखा' ऐकला आणि नमस्कार केला! सगळे हसले, मला वाटलं खूश आहेत!"

"खूश होतेच रे ते," बाई डोळे पुसत म्हणाल्या. हसण्याचं पाणी की दुसरं कसलं, त्यांनाही सांगता आलं नसतं. "माफ कर मला, पोरा."

"पण एक सांगा. आम्ही रोज हरतो. तुम्ही रोज येता. का?"

हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. रेनं तर नाहीच. "कारण आमचे आहात म्हणून," त्या म्हणाल्या. "आणि कारण तुमच्यातला एकही आमचा राहत नाही म्हणून. तू आता वाईट खेळतोस म्हणून माझा जीव जळतो. चांगला खेळायला लागलास की तुला घेऊन जातील, तेव्हाही जळणार. या संघाच्या माणसाला सुख कुठल्याच बाजूनं नाही बघ."

येफ्रीनं रस्त्याकडे बघितलं. "मला जायचंय, बाई," तो हळूच म्हणाला. "आईला घर बांधायचंय. वर नाही गेलो तर परत ऊस तोडायला."

"ठाऊक आहे. जायलाच पाहिजेस. पण त्यासाठी आधी चेंडू मारायला लागतो." बाईंनी पट्टा नीट केला. "चल. आरसा. इशारा. आणि हरणांकडे लक्ष ठेव, एक आलं की मागून दुसरं येतं."

त्यानंतर बाईंचं ओरडणं बंद झालं असं नाही. येफ्रीच म्हणाला की बंद करू नका, बाकीचे फार शांत असतात, आपण एकटेच खेळतोय असं वाटतं. पण बाई आता जरा मोजूनमापून ओरडायच्या, आणि कधीकधी नुसतंच, "सोड रे तो!" आणि खरंच एखादा चेंडू तो सोडायचा. जूनमध्ये त्यानं दोन सोडले की तिसरा मारायला सुरुवात केली. का, ते कोण जाणे. प्रशिक्षक म्हणाला त्याच्या सरावामुळे, घरमालकीण म्हणाली तिनं मेणबत्ती लावली म्हणून, आणि रे म्हणाला, "हवा गरम झाली. कुडकुडत कोण खेळेल?" बाईंनी स्वतःकडे श्रेय घेतलं नाही. त्यांना बेसबॉल बघता येत होता, खेळता येत नव्हता, आणि हा फरक त्यांना पक्का माहीत होता.

लायसन्सच्या परीक्षेला संघातले दोन सोबती फुटपाथवर उभे राहिले होते. गाडी दोन गाड्यांच्या मधे लावायची वेळ आली, तेव्हा त्यांनी हातांचा भोंगा करून बर्निसबाईंच्याच चालीत आरोळी ठोकली, "अरे ए सात नंबर! ती जागा शेजारच्या गावात आहे रे!" परीक्षा घेणारा माणूस दचकला. येफ्रीनं जीभ दातात धरली आणि गाडी कडेला अशी लावली की बाईंनी रस्त्यावरच टाळी वाजवली.

आणि जुलै संपता संपता, बगळे ओळीनं चार मॅच जिंकले, गावात लोक एकमेकांना थांबवून सांगायला लागले, त्याच आठवड्यात येफ्रीला वरच्या संघानं बोलावलं.

"बघ!" बाई स्वयंपाकघरात पातेली आपटत होत्या. "बघ, म्हटलं होतं ना? भाजला, की नेला! चोर आहेत, चोर!"

"तूच म्हणालीस ना त्याला, जायलाच पाहिजे," रे म्हणाला.

"म्हणाले ना! म्हणून काय आवडायला पाहिजे का?"

येफ्री दुसऱ्या दिवशी सकाळी तीच भाड्याच्या घराची गाडी चालवत निरोप घ्यायला आला. बाईंनी चारी टायरांवर लाथ मारून हवा बघितली, वायपर बघितले, मग त्याला इतका घट्ट धरला की त्याची टोपी पडली. तो गेला. बगळे उरलेल्या मॅच शिस्तीत हरले आणि शेवटच्या जागी आले.

जानेवारीत, बर्फ खिडकीपर्यंत आलेलं असताना, येफ्रीचा फोन आला. आई म्हणते बाईंना घेऊन ये. रे आणि बर्निसबाई आयुष्यात कधी विमानात बसले नव्हते. बाई म्हणाल्या, आपल्याला नाही जमायचं. रे माळ्यावरून बॅग घेऊन आला.

विमानतळावरून येफ्रीच गाडी चालवत आपल्या गावाकडे, बानीला निघाला. त्या रस्त्यावर मोटरसायकली दोन्ही अंगांनी येत होत्या, एकीवर गॅसचा सिलिंडर, एकीवर आख्खं कुटुंब, आणि सगळे हॉर्न वाजवूनच बोलत होते. बर्निसबाईंचा उजवा पाय सबंध वाटभर नसलेला ब्रेक दाबत होता. "आरसा," त्या पुटपुटल्या. येफ्री म्हणाला, "बाई, इथं आरशात बघितलं तर समोरचा घुसतो."

रविवारी गावच्या मैदानावर मॅच होती. मैदान म्हणजे तांबडी माती, बाहेरच्या कडेला आंब्याची झाडं, आणि पत्र्याच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या. सुट्टीत घरी आलेला येफ्री गावाकडून खेळणार होता. रेला दोन म्हाताऱ्यांनी दंडाला धरून डॉमिनोच्या ठिपक्यांच्या सोंगट्या मांडलेल्या टेबलाशी नेऊन बसवलं. बाई येफ्रीच्या आईशेजारी बसल्या. मिलाग्रोस ही लहानखुरी, केस चापूनचोपून बांधलेली, हातात कागदाचा पंखा घेतलेली बाई. दोघींना एकमेकींचा एकही शब्द कळत नव्हता, म्हणून दोघी फार अदबीनं हसत होत्या. बर्निसबाईंनी मनाशी घोकलं होतं की आज पाहुणी आहेस, तोंडातून शब्द काढायचा नाही.

येफ्री बॅट घेऊन आला. पहिलाच चेंडू खाली वळत बाहेर गेला, आणि त्यानं बॅट घुमवली. हवेत.

मिलाग्रोस उठली. पंखा खुर्चीत टाकला, कमरेवर हात ठेवले आणि तिनं अशी आरोळी ठोकली, की आंब्यावरचे पक्षी उडाले. मागोमाग सगळी बाजू उठली. आत्या, मावश्या, दुकानदार, पोट सुटलेला न्हावी, प्रत्येकाचं येफ्रीशी काहीतरी जुनं भांडण असल्यासारखं. कुणी टोप्या हलवत होतं, कुणी छाती बडवून घेत होतं. मैदानात उभा येफ्री दात काढून हसत होता.

बर्निसबाई आजूबाजूला बघत राहिल्या. इतकी वर्षं त्या हार्लन फॉल्सच्या स्टँडमध्ये एकट्याच उभ्या राहत आल्या होत्या, आणि लोक त्यांच्यावर हसत होते. इथं उभं न राहणारी बाई त्या एकट्याच होत्या. त्या उठल्या. हातातली पर्स खुर्चीत ठेवली.

"सोड रे तोऽऽ!"

मिलाग्रोसनं चमकून वर बघितलं, पाहुणीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि तिच्या दंडात हात अडकवला. पुढचा चेंडू येफ्रीनं सोडला. त्याच्या पुढचा आंब्यांच्या पलीकडे गेला आणि कुणाच्या तरी पत्र्यावर पडल्याचा आवाज आला. दोघी दंडात दंड अडकवून, दोन भाषांत, एकच गोष्ट ओरडत होत्या. गाव तरीही हरलं. चेंडू टाकणारा पिचर पार थकला होता आणि दुसऱ्या गावाचा एक जाडा पोरगा सगळ्यांना झोडपून गेला.

संध्याकाळी अंगणात बकरीचं मटण आणि भात वाढला गेला. डॉमिनोत जिंकून आलेला रे सगळ्यांच्या पाठीवर थापा मारत होता. बर्निसबाईंचा आवाज पार बसला होता. त्यांनी बोटांनी खूण करून मीठ मागितलं, आणि मिलाग्रोसनं, तिचाही बसलेला असल्यामुळे, तशीच खूण करून विचारलं, किती?